लाल परी, स्विंडन आगार

वीकेंडला मॉल, मल्टिप्लेक्स आणि रविवार संध्याकाळपासून सोमवारचं टेन्शन... याच्या पलीकडे काही करून बघायचंय? मग हात काळे करायची तयारी ठेवा! पन्नाशी उलटलेली स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये उघडायची आणि पुन्हा रस्त्यावर आणायची, असा हा उद्योग. आणि माझा पार्टनर कोण? एसटीतून रिटायर झालेले माझे बाबा!

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बहुतेक हेक्टर. नाहीतर पार्किंगच्या फटीतही मावणारी ती चिमुकली कॉमेट. आपल्याकडे ही कंपनी २०१९ साली गाड्या विकायला लागली, कारखाना गुजरातेत हालोलला. त्यामुळे आपल्या पिढीसाठी एमजी हा एकदम नवाकोरा ब्रँड. पण ही दोन अक्षरं शंभर वर्षांची आहेत, बॉस! एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधलं गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं एक गॅरेज. १९२०च्या दशकात तिथला मॅनेजर सेसिल किंबर याने साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि फार श्रीमंत नसलेल्या तरुणांनाही परवडेल अशी स्पोर्ट्स कार तयार झाली. १९२९ मध्ये एमजीचा मुक्काम जवळच्या ॲबिंग्डनला हलला. तिथेच १९६२ साली एमजीबी बाहेर पडली. दोन सीट, लांबलचक बॉनेट, वर कापडी टप. १९८० मध्ये बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या.

आता खरं सांगायचं तर ही काही तुफान गाडी नाही. १७९८ सीसीचं इंजिन, ताशी शंभर मैलांचा काटा कसाबसा ओलांडणार. आजची साधी टर्बो हॅचबॅक सिग्नलवर तिला आरामात मागे टाकेल. मग इंग्लंडमध्ये तिची एवढी क्रेझ का? कारण ती घरी उघडता येते! कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट वर केलं की प्रत्येक गोष्ट दिसते आणि प्रत्येक गोष्टीपर्यंत हात पोचतो. शिवाय जवळपास सगळे पार्ट आजही नवे मिळतात. ऑक्सफर्डजवळ विटनी नावाच्या गावात ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्या मूळ डाय वापरून पत्रे काढते, आणि १९८८ पासून तर एमजीबीची अख्खी बॉडीच नवी करून विकते. इथल्या उपनगरांतून रविवारी सकाळी चक्कर मारा. अर्धवट उघडलेल्या गॅरेजच्या दारातून कुणाचे तरी पाय गाडीखालून बाहेर आलेले दिसतातच.

खोक्यातली गाडी

मी मूळची दापोडीची, आता स्विंडनमध्ये. दिवसभर एक्सेलच्या रकान्यांशी मारामारी. काम वाईट नाही, पण वर्षाच्या शेवटी 'तू नेमकं काय केलंस?' असं कुणी विचारलं तर दाखवायला हातात काही नसतं. नवरा म्हणाला, कुंडीत टोमॅटो लाव. मी गाडी घेतली.

स्विंडनचं आणि एमजीबीचं नातंही जुनं आहे. तिच्या बॉडीचे पत्रे इथल्याच प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात बनायचे. म्हणजे मी जिच्या शोधात होते ती एका अर्थाने गावातलीच पोरगी.

या हौसेची एक काळी बाजू आहे, ती आधीच सांगते. बहुतेक गाड्या गंजाने मरत नाहीत, कंटाळ्याने मरतात. पहिल्या दोन वीकेंडला माणूस जोशात सगळी गाडी खोलतो. तिसऱ्या वीकेंडला लग्न असतं, चौथ्याला पाऊस. मग खोकी माळ्यावर जातात आणि दहा वर्षांनी जाहिरात येते, 'अर्धवट प्रोजेक्ट, जागेअभावी विकणे.' माझी गाडी अशीच एका जाहिरातीतली. १९७१ची लाल एमजीबी, तीन हजार पाऊंड, सोबत सुट्ट्या पार्टची चार खोकी.

बघायला जाताना मी खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन गेले. जुनी गाडी घेण्याचा हा पहिला फंडा. चुंबक चिकटला तर पत्रा, पडला तर पुट्टी. दारांखालच्या पट्टीवर तो चारदा पडला. गंज आहे हे माहीत असूनच घेतली आणि त्या हिशोबानेच भाव पाडला. ही २०२२च्या दिवाळीची गोष्ट.

सहा महिन्यांचा व्हिसा

आई २०२१ मध्ये गेली. बाबा एकटेच दापोडीच्या फ्लॅटमध्ये. आयुष्यभर एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते, म्हणजे बसच्या सांगाड्यावर पत्रा चढवायचं काम. घरी कधी फार बोलके नव्हते, पण आई गेल्यावर फोनवरचं बोलणं चाळीस सेकंदांवर आलं. 'जेवलीस? बरं. ठेवतो.' डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, फक्त माणसांत ठेवा. २०२३च्या एप्रिलमध्ये मी त्यांना इकडे आणलं. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. म्हणजे ऑक्टोबर उजाडायच्या आत परत.

पहिला आठवडा ते खिडकीत बसून होते. बाहेर जायला थंडी, टीव्ही इंग्रजी. आठव्या दिवशी मी त्यांना चहा द्यायला शोधतेय तर घरात नाहीत. गॅरेजमध्ये होते. बॉनेट वर केलेलं आणि फडक्याने इंजिनाची कड पुसत होते.

'अगं, हे तर अँबॅसिडरचं इंजिन!'

मला वाटलं, आठवणीत कुठेतरी गल्लत होतेय. पण बाबा शंभर टक्के बरोबर होते! एमजीबीचं इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. आपल्या अँबॅसिडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही याच घराण्यातलं. धाकटा भाऊ म्हणा हवं तर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून शेवटची अँबॅसिडर २०१४ मध्ये बाहेर पडली. बाबांच्या उमेदीच्या काळात कार्यशाळेत साहेब लोकांच्या अँबॅसिडर दुरुस्तीला यायच्या, आणि पत्र्याचे कामगार असले तरी जेवणाच्या सुट्टीत बाबा इंजिनवाल्यांच्या शेजारी जाऊन बसायचे.

त्या दिवशी चहा गॅरेजमध्येच झाला. दुसऱ्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं होतं, 'स्विंडन आगार'. गाडीचं नाव काय, हे वेगळं ठरवावं लागलंच नाही. लाल परी!

पट्टीच्या आत काय दडलंय?

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. डोक्यावर छप्परही नाही. मग पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून कोण ठेवतं? मुख्यतः दारांखालची ती लांब पट्टी, जिला सिल म्हणतात. आतला, मधला आणि बाहेरचा असे पत्रे जोडून तिची एक बंद पेटी केलेली असते. गाडीचा कणाच म्हणा ना.

आणि गंज नेमका इथेच बसतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडालेला खारट चिखल मडगार्डच्या आत साचतो, पाणी जायची भोकं बुजतात, आणि ओला चिखल वर्षानुवर्षं सिलच्या टोकाशी मुरत राहतो. पत्रा आतून संपतो. बाहेरून मात्र रंग चकाचक!

बाबांनी छिन्नी लावली. वरचा रंग निघाला, मग बोटभर पुट्टी, मग एक नवा पत्रा. कुणीतरी कधीतरी कुजलेल्या सिलवरच नवी सिल वेल्ड करून दिली होती. आत हात घातला तर तांबड्या भुशासारखा चुरा. उजवीकडे तर मधला पत्रा वीतभर नव्हताच. दार लावलं की गाडी एकसंध दिसायची, एवढंच. अशा गाडीत बसून ताशी साठ मैलांनी जाताना समोरून कुणी ठोकलं असतं, तर मी हा लेख लिहायला नसते.

मला धडकीच भरली. दोन रस्ते होते. गाडी पार्ट म्हणून विकून टाकायची, नाहीतर दोन्ही बाजूंचा कणा कापून नवा बसवायचा. मी म्हटलं, 'बाबा, सोडून देऊ या का?' त्यांनी चष्मा काढून पुसला.

'पत्रा आहे गं. माणूस नाही. कापायचा आणि नवा लावायचा. हे तरी आपल्या हातात आहे.'

आई गेल्यानंतर त्या विषयाच्या इतकं जवळचं काही ते पहिल्यांदाच बोलले होते. मी विटनीच्या पत्र्यांची ऑर्डर दिली.

फिटिंग नव्वद, वेल्डिंग दहा

सिल बदलताना सगळ्यात मोठी भीती म्हणजे कणा कापल्यावर उघडी गाडी मधोमध वाकते. एकदा वाकली की दार आयुष्यात नीट लागत नाही. म्हणून आधी गाडी चार भक्कम घोड्यांवर पातळीत बसवायची, दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा आडवा जोडायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. दाराच्या फटी आम्ही आधीच मोजून भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या. प्रत्येक तुकडा लावला की दार बसवून बघायचं. पुन्हा काढायचं. पुन्हा बसवायचं. बाबांचा हिशोब ठरलेला, फिटिंग नव्वद टक्के, वेल्डिंग दहा.

ते दहा टक्के माझे. मी एका कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकले होते. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, सलग वेल्ड मारत गेलात तर तापून पापडासारखा वाकडा होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा मध्ये. आईला गोधडी घालताना असेच आधी लांब-लांब टाके घेताना मी पाहिलंय. सुरुवात करण्याआधी पेट्रोलची टाकी काढून गॅरेजबाहेर, बॅटरीच्या वायरी सुट्या, कार्पेट बाहेर आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. यात तडजोड नाही म्हणजे नाही.

शेजारच्या गल्लीत एक गोवेकर काका राहतात. स्विंडनमध्ये गोव्याची मंडळी चिक्कार आहेत. आवाज ऐकून ते डोकवायला आले आणि मग दर शनिवारी बांगड्याचं हुमण घेऊन यायला लागले. ते कोकणीत, बाबा मराठीत, वाद एकच, कदंबा चांगली की एसटी. उजवी बाजू पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. डावी तीन आठवड्यांत झाली.

चार सुताचा पाना

या गाडीचे नट-बोल्ट इंचातले. माझ्याकडचा पान्यांचा सेट मिलिमीटरचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की घसरून कोपरे खातो. बाबांनी सेट बाजूला सारला. 'सुतातले पाने आण.' आठ सूत म्हणजे एक इंच. अर्धा इंच चार सूत, नऊ-सोळांश साडेचार सूत. मी इंटरनेटवर इंचातला जुना सेट शोधला आणि त्याच्या डब्यावर मार्करने मराठीत लिहून टाकलं. आता माझा इंग्रज शेजारीसुद्धा 'चार सूट' मागतो!

इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या वर १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश एवढी फट हवी, साधारण ०.३८ मिलिमीटर. कुठला व्हॉल्व्ह कधी सेट करायचा, यासाठी मी मॅन्युअल उघडलं. बाबांनी ते मिटवलं. नऊची बेरीज! आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा. सहावा दाबला की तिसरा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. चाळीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत अँबॅसिडरवर शिकलेलं हे गणित स्विंडनमध्ये जसंच्या तसं चाललं.

मग कार्बोरेटर. एमजीबीला दोन एसयू कार्बोरेटर, आणि दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. गॅजेट मिळतात त्यासाठी, पण आम्ही रबरी नळीचा तुकडा घेतला. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. इकडचा फुस्स, तिकडचा फुस्स. दोन्ही आवाज एकसारखे होईपर्यंत बाबा नळीला कान लावून आणि मी स्क्रू ड्रायव्हर धरून. ऐकू कमी येतं म्हणून फोन लवकर ठेवणारा हा माणूस तासभर नुसता ऐकत होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी लाल परी पहिल्यांदा सुरू झाली. आधी खोकली, मग निळा धूर, मग एकदम सुरात! रंग नव्हता, सीट नव्हत्या, पुढची काच नव्हती. बाबांनी घंटीच्या दोरीसारखा हात वर करून दोनदा हलवला. 'डबल बेल.' चार दिवसांनी त्यांचं विमान होतं.

गॅरेज उघडण्याआधी

* बजेट: माझा एकूण खर्च गाडीच्या किमतीच्या तिप्पट झाला, आणि तोही आमची मजुरी न धरता. गुंतवणूक म्हणून याकडे बघूच नका.
* नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. घोड्या हव्यातच.
* जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका. ब्रेकचं काम स्वतः केलंत तरी जाणकाराकडून तपासून घ्या.
* रंग बाहेर द्या. टू-पॅक रंगाची वाफ फुप्फुसांना घातक असते, साधा मास्क पुरत नाही.
* पेट्रोल: इंग्लंडमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाका. भारतात वीस टक्क्यांचं पेट्रोल असल्याने हे आणखी महत्त्वाचं.
* कागदपत्रं: ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ होऊ शकतो, आणि मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. मी तरीही करून घेते. भारतात २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण रोज ऑफिसला नेता येणार नाही!
* भारतात काय घ्याल? स्टँडर्ड हेराल्ड मिळाली तर बघा. मद्रासला बनायची. वेगळी चासी, बोल्टने जोडलेली बॉडी आणि अख्खं पुढे उलटणारं बॉनेट. ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेराल्डच्या चासीवरून बेतलेली.
* सगळ्यात महत्त्वाचं: रोज फक्त एक तास. जोशात आठ तास नकोत. आणि प्रत्येक बोल्ट लेबल लावलेल्या पिशवीत.

आणि आता?

रंग, सीट, टप हे सगळं व्हायला २०२४चा जून उजाडला. लाल परी एमओटी पहिल्या फटक्यात पास झाली. तपासणाऱ्याने खाली वाकून सिलवर टॉर्च मारला आणि विचारलं, 'हे पत्र्याचं काम कुणी केलं?' मी म्हटलं, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने! त्याला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. पहिली मोठी चक्कर अर्थातच ॲबिंग्डनची. कारखाना आता नाही, जवळच एमजी कार क्लबचं ऑफिस मात्र आहे. तिथे बाहेर गाडी उभी करून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी गाडी बघायला नकार दिला. म्हणाले, 'आधी दार लावून दाखव.' लावलं. खट्ट! फट वरपासून खालपर्यंत सारखी.

मला कुणी विचारतं, एवढा वेळ, एवढा पैसा, मिळालं काय? वर्षाच्या शेवटी दाखवायला हातात काहीतरी आहे, हे एक. पण गंमत अशी, की त्या गाडीत मी जे सगळ्यात चांगलं काम केलंय ते कुणालाच दिसत नाही. ते सिलच्या आत, तीन पत्र्यांच्या मध्ये, मेण फवारून बंद केलंय. ते तिथे आहे हे आम्हा दोघांना माहीत आहे, एवढं पुरतं.

फोनचं म्हणाल तर आता चाळीस सेकंदांचे चाळीस मिनिटं झालेत, आणि बोलणारे तेच असतात. बाबांनी दापोडीत आमची जुनी चेतक पार्किंगमधून बाहेर काढलीय. बिल्डिंगमधली तीन पोरं हाताखाली आहेत, इंजिन वर्तमानपत्रावर पसरलंय आणि जुन्या बाजारातून पाने आणून झालेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऑइल सांडल्याबद्दल नोटीस पाठवली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःची स्कूटरही खाली आणून ठेवली.